एएमएच १.१ आणि एग फ्रीझिंग: किती सायकली, किती रजा

ताई, तुम्ही विचारलंय: वय ३३, एएमएच (अंडाशयात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १.१, घर घोडबंदरला, नोकरी ऐरोलीत, क्लिनिक वाशीत. एका सायकलमध्ये, म्हणजे इंजेक्शनांपासून बीजं काढण्यापर्यंतच्या एका फेरीत, भागेल का आणि रजा किती लागेल?

एकात भागेल असं धरून चालू नका. बीजं किती मिळतील ते एएमएच सांगतं, कशी असतील ते वय सांगतं. वय तुमच्या बाजूने आहे, अडचण आकड्याची आहे. १.१ ला एका वेळी बहुधा पाच-सात बीजं निघतात आणि त्यातली फक्त पक्व, म्हणजे एमटू, गोठवतात. म्हणून ‘सात काढली’ एवढ्यावर थांबू नका. एमटू किती, ते लेखी घ्या. दहा पक्व बीजं वितळवली तर साधारण आठ-नऊ जगतात, सहाएक फलित होतात आणि पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन गर्भ टिकतात. दोन सायकलींचे पैसे आधीच बाजूला काढा.

रजा फार लागत नाही. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन, मध्ये चार-पाच सोनोग्राफ्या. सकाळची वेळ मागून घ्या. पूर्ण रजा पिकअपच्या, म्हणजे बीजं काढायच्या, दिवशी आणि दुसऱ्या दिवशी. फ्रिजमध्ये ठेवायची इंजेक्शनं २ ते ८ अंशांतच हवीत. प्रवासात आइसपॅक रुमालात गुंडाळा, इंजेक्शनच्या पेनला थेट चिकटू देऊ नका. गोठलेलं औषध वितळल्यावर दिसतं तसंच, पण वापरायचं नाही.

सगळ्यात जास्त घोळ ट्रिगरला, म्हणजे बीजं पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनला, होतो. दोन-तीन फॉलिकल (बीज वाढतं त्या पिशव्या) १७-१८ मिमीचे झाले की ट्रिगर देतात आणि ३५-३६ तासांनी बीजं काढतात. पिकअप बुधवारी सकाळी ९ ला, तर ट्रिगर सोमवारी रात्री ९ ते १०. नेमकी वेळ डॉक्टर देतील, ती मिनिटावर पाळा. ट्रिगर उशिरा घेतला तर बीजं कच्ची हाती येतात, फार लवकर घेतला तर पिकअपआधीच फॉलिकल फुटतात. त्या संध्याकाळी घोडबंदरच्या ट्रॅफिकवर भरवसा ठेवू नका, दुपारीच घरी या. पिकअपनंतर लोकल नको. भूल दिलेली असते. सोबत कुणीतरी आणि गाडी हवीच.

नंतर पोट थोडं फुगतं, ते चालतं. पण दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर मध्यरात्रीही क्लिनिकला फोन करा. अंडाशयाने औषधांना जास्तच प्रतिसाद देण्याचा हा धोका एएमएच कमी असताना कमी असतो, पीसीओएसमध्ये (अंडाशयात खूप लहान फॉलिकल असण्याचा त्रास) बराच जास्त.

क्लिनिकची २०२१ च्या एआरटी (सहाय्यित प्रजनन) कायद्याखालची नोंदणी बघा. आणि वीज गेली तर काय, ही काळजी सोडा: गोठवलेली बीजं ठेवतात ती टाकी द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांवर राहते, विजेवर नाही. विचारायचं ते हे, की नायट्रोजनची पातळी कोण तपासतं, किती दिवसांनी, आणि त्याची वही दाखवता का.