‘ख्यातीवरील घसारा’ म्हणावे काय?

सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्याचे हिशेब पाहणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, दुसरी कंपनी विकत घेतल्यावर ताळेबंदात जी ‘ख्याती’ (गुडविल, म्हणजे निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली किंमत) येते, तिच्यावरील ‘घसाऱ्या’मुळे नफा घटतो असे लिहिणे योग्य आहे काय. योग्य नाही. घसारा म्हणजे वापराने झालेली झीज. ती मागाची होते, ख्यातीची होत नाही. आयकरातसुद्धा २०२१ च्या वित्त कायद्याने ख्यातीवरील घसारा बंद केला आहे.

मला याहून अधिक खटकते ते कंपनीने ‘ख्याती कमी केली’ हे वाचून तिची बेअब्रू झाली असे समजणे. काही कोशप्रेमी यावर उपाय म्हणून ‘नावलौकिक’ हा शब्द सुचवतात. त्यांनी हिशेबाची वही उघडून पाहिलेली नाही, असे मला स्पष्ट म्हणावे लागते. चाटी गल्लीतल्या पिढीजात दुकानाचा नावलौकिक कितीही मोठा असला, तरी त्याच्या स्वतःच्या ताळेबंदात त्याचा एक रुपयाही दाखवता येत नाही. ख्याती वहीत येते ती दुसऱ्याने ते दुकान विकत घेतल्यावरच, आणि तीसुद्धा घेणाऱ्याच्या वहीत.

‘ख्या’ धातूचा अर्थ दिसणे, प्रकट होणे, सांगणे. संख्या, व्याख्या आणि आख्यान ही त्याचीच लेकरे, म्हणजे आकडा आणि ख्याती एकाच कुळातले! दर्शनशास्त्रात ख्याती म्हणजे प्रतीती. शिंपल्याच्या जागी चांदी का दिसते, यावर नैयायिकांनी अन्यथाख्याती (एक वस्तू दुसरीच म्हणून दिसणे), प्राभाकर मीमांसकांनी अख्याती (दोन ज्ञानांतला भेद न कळणे) आणि अद्वैत्यांनी अनिर्वचनीयख्याती (‘आहे’ किंवा ‘नाही’ असे सांगता न येणारे दिसणे) मांडली, आणि पुढच्या ज्ञानाने आधीची प्रतीती खोटी ठरली की तिचा ‘बाध’ झाला असे म्हटले. माझे ठाम मत आहे की वाणिज्यात हा शब्द बसतो तो याच अर्थाने. समजा, आठ कोटींच्या निव्वळ मालमत्तेचा कारखाना अकरा कोटींना घेऊन आपल्या कंपनीत विलीन केला. वरचे तीन कोटी म्हणजे यंत्रे, माल आणि जागा यांपलीकडे घेणाऱ्याला जे दिसले ते. ते खरेही असेल, किंवा पुढे खोटे ठरून त्याचा बाधही होईल.

जुन्या लेखा मानक १४ (विलीनीकरणाच्या हिशेबाचा नियम) प्रमाणे ही रक्कम साधारणपणे पाच वर्षांत खर्ची पडते, म्हणजे दरवर्षी साठ लाखांनी नफा कमी दिसतो. इंड-एएस, म्हणजे नवी भारतीय लेखा मानके, लागू असलेल्या कंपनीत ती तशीच राहते. मात्र दरवर्षी, आणि तसे लक्षण दिसले तर मध्येच, तिची कसोटी (वहीतला आकडा आजही वसूल होण्याजोगा आहे काय, याची तपासणी) घ्यावी लागते, आणि त्यात ती टिकली नाही तर तोटा त्याच वर्षाच्या नफ्यावर येतो व पुढे तो परत फिरवता येत नाही. २००२ साली एओएल टाइम वॉर्नर या अमेरिकी माध्यम कंपनीने सुमारे ९९ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला, तो मुख्यतः अशा बाधाचाच होता. या नोंदीने त्या दिवशी रोकड हलत नाही. ती खरेदीच्या वेळीच गेलेली असते. परंतु मालमत्तेचा आकडा लहान झाल्यामुळे पुढच्या वर्षी मालमत्तेवरील परताव्याचे प्रमाण वाढलेले दिसते, जरी टॉवेल एकही जास्त विकला गेला नसला तरी. म्हणून दोन वर्षांची तुलना करताना ही नोंद बाजूला काढूनच कामगिरी मोजावी.

तेव्हा जुन्या मानकाखाली ‘ख्याती खर्ची टाकली’ असे लिहावे आणि नव्या मानकाखाली ‘ख्यातीचे मूल्य घटवले’ असे; ‘ख्यातीचा बाध झाला’ हे लेखापरीक्षकांनी स्वीकारले, तर मला फार आनंद होईल.