शिडाच्या बोटीने किनाऱ्याजवळ जाताना उथळ पाणी आणि फुटणाऱ्या लाटा कशा टाळायच्या?

सरळ सांगायचं तर लाट किती उंच आहे ते बघा आणि खाली पाणी किती आहे ते बघा. साधारण हिशोब असा की पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीवर आली की लाट फुटते, म्हणजे 2 मीटरची लाट अडीच मीटर पाण्यात फुटणारच, पण म्हणून 3 मीटरवर निवांत फिरायचं असं नाही हां, मधूनच एखादी मोठी येते आणि ती बरीच आधी फुटते.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे नदी किंवा खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा. ओहोटीचं पाणी बाहेर येत असतं, समोरून लाटा येतात, दोन्ही भिडले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि समुद्राकडून बघताना तुम्हाला त्यांची गुळगुळीत पाठच दिसते, पांढरा फेस पलीकडच्या बाजूला असतो, त्यामुळे वाटतं सगळं शांत आहे. आत जायचंच असेल तर भरतीच्या शेवटच्या तासा-दीड तासात जा, आधी बाहेर थांबून दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघा. शंका आली तर बाहेरच खोल पाण्यात थांबा, कंटाळा येईल पण बोट राहील.

डेप्थ साउंडर (खोली मोजणारं यंत्र) पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतोय की कीलपासून, म्हणजे बोटीच्या तळाच्या सगळ्यात खालच्या भागापासून, हे आधी चेक करा, बरेच जण करत नाहीत. वारा किनाऱ्याकडे वाहत असेल तर अंतर जास्तच ठेवा, इंजिन आधीच चालू करून ठेवा आणि लाटेला कधी आडवं होऊ नका.