बहिणीच्या नावाने खोटे खाते काढून कोणी बदनामी करत असल्यास आधी काय करावे?

आपल्या बहिणीच्या नावाने कोणीतरी इन्स्टाग्रामवर खोटे खाते काढून तिच्या फोटोंखाली अश्लील मजकूर लिहीत आहे आणि घरची मंडळी तिलाच खाते बंद करून गप्प राहायला सांगत आहेत, हे योग्य आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हे अजिबात योग्य नाही.

मागच्या वर्षी नाशिकला कॉलेज रोडवर शिकणाऱ्या माझ्या भाचीवर हीच वेळ आली होती. तिच्या वडिलांनी त्याच रात्री तिचा फोन काढून घेऊन कपाटात ठेवला. त्यामागची भीती मला कळते. पण मैत्रिणी त्या खात्यावरचे जे जे पाहून तिला पाठवत होत्या, ते सगळे त्या बंद कपाटातल्या फोनवर येत राहिले, आणि शिक्षा मात्र तिला झाली. तिने आधी काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये नुसते नाव दिसत होते, यूझरनेम, म्हणजे खात्याचे स्वतंत्र ओळखनाव, नव्हते. सकाळपर्यंत त्या माणसाने तेही बदलले होते.

म्हणून खाते ब्लॉक किंवा रिपोर्ट करण्यापूर्वी त्याचे यूझरनेम, प्रोफाइलची आणि प्रत्येक पोस्टची लिंक, तारीख व वेळ टिपून ठेवावी आणि स्क्रीन रेकॉर्डिंग करावे. मूळ संदेश फोनमधून पुसू नयेत. काढून टाकलेला मजकूर तपासासाठी १८० दिवस जपून ठेवण्याचे बंधन माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनी समाजमाध्यम कंपन्यांवर घातले आहे, त्यामुळे तक्रारीला महिनोन्‌महिने लावू नयेत.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. पण गुन्हा नोंदवून घ्यायचा असेल तर प्रत्यक्ष पोलीस ठाण्यात जावे, असे मी आग्रहाने सांगेन. नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते, तर सिन्नर, निफाड ग्रामीण पोलिसांकडे. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (गुन्ह्याची नोंद व तपास कसा करायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार हद्दीचे कारण सांगून कोणी परत पाठवू शकत नाही. पाठलाग (भारतीय न्याय संहिता, कलम ७८) किंवा विनयभंगाच्या हेतूने केलेले शब्द व हावभाव (कलम ७९) यांची तक्रार स्वतः स्त्री देत असेल, तर ती महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा अन्य महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. अश्लील मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ आहेच. खासगी फोटो पसरवण्याची धमकी असेल तर पैसे मुळीच देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढतच जाते.

ठाण्यात बहिणीसोबत आपण स्वतः जावे, पण बोलू तिला द्यावे. भाचीच्या वेळी मीच मध्ये मध्ये उत्तरे देत होते. तेव्हा समोरच्या महिला अधिकाऱ्यांनी मला थांबवले, खुर्ची तिच्याकडे वळवली आणि पहिल्यापासून सांग म्हणाल्या. त्यानंतर ती पाऊण तास बोलत होती.