वाचकांचे प्रश्न, त्वचातज्ज्ञांची उत्तरे : चेहऱ्यावरील वांग आणि काळे डाग

उन्हाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत वांगाची पत्रे सर्वाधिक असतात. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी ३८ वर्षांची असून बार्शीजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आले. मैत्रिणीने सांगितलेले क्रीम मी औषधाच्या दुकानातून आणले. पंधरा दिवसांत चेहरा इतका उजळला की शाळेत सगळ्या बाई त्या क्रीमचे नाव विचारू लागल्या. आता दीड वर्ष झाले. दोन दिवस जरी खंड पडला तरी चेहरा लाल होतो, आग होते, बारीक पुटकुळ्या येतात आणि वांग पूर्वीपेक्षा गडद दिसते. हनुवटीवर लवही वाढली आहे. दुसरे कोणते क्रीम घ्यावे?

उत्तर : दुसरे क्रीम शोधण्याआधी हातातले क्रीम काय आहे ते पाहू. तुम्ही नाव कळवले नसले तरी तुमची लक्षणे वाचून ट्यूबच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत काय छापलेले असेल, याचा अंदाज येतो : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. पहिले औषध त्वचेतील रंग तयार होण्याची क्रिया मंदावते, दुसरे वरच्या थरातील पेशी लवकर बदलून साचलेला रंग बाहेर काढते आणि तिसरे, म्हणजे स्टेरॉइड, पहिल्या दोघांमुळे होणारी जळजळ दाबते. ही कल्पना वाईट नाही. अमेरिकेतील क्लिगमन आणि विलिस या त्वचातज्ज्ञांनी १९७५ मध्ये असे तिहेरी मिश्रण प्रथम मांडले आणि आजही वांगावरील उपचारांत त्याची सुधारलेली आवृत्ती अग्रक्रमाने वापरली जाते. मात्र त्या आवृत्तीतील स्टेरॉइड सौम्य असते, ते रात्री फक्त डागांवर लावायचे असते आणि साधारण आठ आठवड्यांनी थांबवायचे असते. आपल्याकडे त्याच्या जागी मोमेटासोनसारखे अधिक तीव्र स्टेरॉइड घातलेल्या ट्यूबा मिळतात आणि त्या गोरेपणाचे क्रीम म्हणून सकाळ-संध्याकाळ चेहराभर चोळल्या जातात.

माझ्या दवाखान्यात अशा रुग्ण आल्या की मी त्यांना पर्स टेबलावर रिकामी करायला सांगतो. बहुतेक वेळा तीन-चार ट्यूबा निघतात. टूथपेस्टची ट्यूब संपत आल्यावर आपण खालून गुंडाळत आणतो, तशी त्यांतली एक शेवटच्या थेंबापर्यंत गुंडाळलेली असते. पहिल्या पंधरा दिवसांत जी झळाळी दिसते ती मुख्यतः स्टेरॉइडची असते. ते त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते, दाह दाबते आणि रंगही तात्पुरता फिका करते. पुढे त्वचा पातळ होते, गालांवर लाल केशवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, पुटकुळ्या येतात आणि औषध थांबवताच दबलेला दाह दुपटीने उसळतो. ती आग शमवण्यासाठी रुग्ण पुन्हा तेच क्रीम लावते. आम्ही त्वचातज्ज्ञ याला स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा म्हणतो. या गैरवापरामुळेच २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची चौदा स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांच्या यादीत घातली. तरीही दुकानात नुसते नाव सांगितले की ट्यूब काउंटरवर येते, हा तुमचाही अनुभव असणार.

तेव्हा हे क्रीम तुम्हाला सोडायचे आहे, पण दीड वर्षाच्या वापरानंतर ते एका रात्रीत आणि एकटीने सोडू नका. जवळच्या त्वचातज्ज्ञांना ट्यूब दाखवा. ते बहुधा तुम्हाला सौम्य स्टेरॉइडवर आणून मग थांबवतील किंवा दाह आवरण्यासाठी टॅक्रोलिमससारखे स्टेरॉइडविरहित मलम देतील. या काळात चेहऱ्याला सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर, सौम्य साबण आणि सनस्क्रीन एवढेच लागू द्या. फेशियल, ब्लीच, वाफ आणि बेसनाचे स्क्रब हे सगळे बंद. सुरुवातीचे काही आठवडे चेहरा आजच्यापेक्षा वाईट दिसेल, हे आधीच सांगून ठेवतो, कारण नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक जणी धीर सोडून जुन्या ट्यूबेकडे वळतात. लाली पूर्ण शमायला काही महिने लागू शकतात.

वांगाचा उपचार त्यानंतरचा. वांगात रंग तयार करणाऱ्या पेशी अतिदक्ष झालेल्या असतात आणि थोड्याशा उजेडानेही अधिक रंग बनवतात. अनुवंश, गर्भारपण किंवा गर्भनिरोधक गोळ्यांतील संप्रेरके आणि प्रकाश ही त्याची तीन मोठी कारणे आहेत. ‘यकृत बिघडले’, ‘पोटातली उष्णता बाहेर पडते’ असे आपल्याकडे म्हणतात, त्याला आधार नाही आणि केवळ वांगासाठी यकृताच्या तपासण्या करण्याचे कारण नाही. पेशींची ही सवय औषधाने कायमची मोडत नाही, ती फक्त आवरता येते. म्हणून ॲझेलिक आम्लासारखे दीर्घकाळ वापरता येणारे मलम आणि काटेकोर प्रकाशसंरक्षण हा तुमच्या पुढच्या वर्षाचा आराखडा असेल. हायड्रोक्विनोन लागलेच तर ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तीन-चार महिन्यांच्या आतच, कारण ते वर्षानुवर्षे लावल्यास त्वचेत निळसर-काळा रंग साचतो आणि तो घालवणे वांगापेक्षाही अवघड असते.

सनस्क्रीनबद्दल जरा सविस्तर लिहितो. एसपीएफ हा आकडा उन्हाने त्वचा भाजण्यापासूनचे संरक्षण सांगतो आणि ३० व ५० यांत फरक फार थोडा आहे, सुमारे ९७ आणि ९८ टक्के एवढाच. वांगाला अतिनील किरणांइतकाच डोळ्यांना दिसणारा निळा-जांभळा प्रकाशही चेतवतो आणि साधे पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. तो अडवतो लोहाचा ऑक्साइड, म्हणजे ज्यामुळे सनस्क्रीनला फिकट मातकट छटा येते तो घटक. म्हणून वांग असलेल्यांनी त्वचेच्या रंगाचे, छटा असलेले सनस्क्रीन घ्यावे. प्रमाणही महत्त्वाचे आहे. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ काढावी, इतके चेहरा आणि मानेला लागते. दिवसातून दोनदा असे लावले तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. ज्यांची ट्यूब दिवाळीपासून होळीपर्यंत पुरते, त्यांनी सनस्क्रीन लावलेच नाही असे मी धरतो. वर्गात खिडकीजवळ बसत असाल तर तिथेही ते हवे, कारण काच सगळे किरण अडवत नाही.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील ४५ वर्षांचा द्राक्ष बागायतदार आहे. गालांच्या हाडांवर आणि कपाळावर काळपट वांग आले आहे. घरचे म्हणतात, वांग बायकांनाच होते, तुम्ही तपासून घ्या. उन्हात काम सुटणार नाही आणि क्रीम घामात टिकत नाही. काय करावे?

उत्तर : वांग स्त्रियांत अधिक आढळते, पण पुरुषांनाही होते आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही. तुमच्यासाठी पहिला उपचार टोपी हा आहे. गांधी टोपी मान राखते, पण गालांवर सावली पाडत नाही. त्यासाठी चारही बाजूंनी निदान तीन इंच कड असलेली टोपी हवी. त्यावरून उपरणे असे बांधा की गाल आणि कानशिले झाकली जातील. कापड उजेडाकडे धरून पाहा, आरपार दिसत असेल तर किरणही आरपार जातात, त्यामुळे विरळ पंचाचा उपयोग थोडा. सकाळी बागेत जाण्यापूर्वी आणि दुपारच्या जेवणानंतर तोंड धुऊन, पुसून कोरडे केल्यावर पाण्यात टिकणारे सनस्क्रीन लावा. फवारणीच्या हाताने चेहरा पुसू नका. छाटणी किंवा विरळणीच्या कामाचे तास थोडे पुढे-मागे करता आले आणि अकरा ते तीनची उन्हे टळली, तर कोणत्याही मलमाइतका फायदा होईल. एकदा त्वचातज्ज्ञांना दाखवून निदान मात्र पक्के करून घ्या.

प्रश्न : मी सहा महिन्यांची गर्भवती आहे. नाकावर आणि गालांवर डाग उमटत आहेत. सासूबाई जायफळ दुधात उगाळून लावायला सांगतात. लावू का?

उत्तर : गर्भारपणात संप्रेरकांमुळे असे डाग अनेकींना येतात आणि बऱ्याच जणींचे बाळंतपणानंतरच्या वर्षभरात आपोआप फिके होतात. जायफळ श्रीखंडातच शोभते. सहाणेवर उगाळलेला लेप नाजूक त्वचेला झोंबतो आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत कोणतीही जळजळ शमताना मागे काळा डाग ठेवून जाते. लिंबाचा रस तर मुळीच लावू नका, तो लावून उन्हात गेल्यास त्वचा पोळते. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन ही दोन्ही या काळात वर्ज्य आहेत. झिंक ऑक्साइडचे, छटा असलेले सनस्क्रीन आणि टोपी किंवा छत्री पुरेशी आहे. डाग फारच गडद झाले तर ॲझेलिक आम्ल तुमच्या डॉक्टरांना विचारून लावता येईल. बाळंतपणानंतर पाळणा लांबवण्याचा विषय निघेल, तेव्हा वांगाचा त्रास झाला होता हे आवर्जून सांगा, म्हणजे संप्रेरकांच्या गोळ्यांऐवजी तांबीसारख्या साधनाचा विचार होईल.

प्रश्न : वय ४१, ठाणे. ऑफिसमधील एका मैत्रिणीचे वांग ट्रानेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्यांनी गेले. मीही तिच्या चिठ्ठीवरून त्या सुरू केल्या आहेत. पाळी नियमित होण्यासाठी माझ्या हार्मोनच्या गोळ्याही चालू आहेत. एकत्र चालतील ना?

उत्तर : चालणार नाहीत. हे उत्तर वाचल्यावर ट्रानेक्झॅमिक आम्ल थांबवा आणि ज्या डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या त्यांना हे कळवा. ट्रानेक्झॅमिक आम्ल हे मुळात रक्तस्राव थांबवणारे औषध आहे आणि पाळीत अति रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांना ते नेहमी दिले जाते. जपानमध्ये १९७९ साली ते वांगावर उपयोगी पडते असे लक्षात आले आणि आज २५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, दोन-तीन महिने, अशा अल्प मात्रेत हट्टी वांगासाठी आम्हीही देतो. परंतु ते रक्ताची गुठळी विरघळू देत नाही आणि तुमच्या हार्मोनच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असेल, जे बहुधा असतेच, तर त्यानेही गुठळीची शक्यता वाढते. म्हणून स्वतःला किंवा घरात कुणाला पायात गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकार झाला होता का, वारंवार गर्भपात झाले आहेत का, धूम्रपान आहे का, हे विचारल्याशिवाय ही गोळी लिहिली जात नाही. पोटरी एका बाजूने सुजून दुखू लागली, छातीत दुखले किंवा धाप लागली तर लगेच रुग्णालय गाठा. शिवाय गोळ्या थांबल्यावर वांग परतणे सर्रास घडते. तुमच्या मैत्रिणीचे किती टिकले, ते पुढच्या मे महिन्यात पाहा.

प्रश्न : मी ५४ वर्षांची असून नागपूरला राहते. कपाळाच्या दोन्ही बाजूंना आणि कानांपुढे राखाडी-काळा पट्टा पसरत आहे. वांगाच्या क्रीमने काहीच फरक पडला नाही. केसांना दर महिन्याला काळी मेंदी लावते. त्यानंतर थोडी खाज येते, एवढेच.

उत्तर : ‘एवढेच’ म्हणून तुम्ही सोडून दिलेल्या वाक्यातच बहुधा उत्तर आहे. वांग सहसा तपकिरी असते आणि गालांच्या उंचवट्यांवर, कपाळाच्या मध्यावर व वरच्या ओठावर बसते. केसांच्या कडेने उतरणारा आणि राखाडी झाक असलेला पट्टा हा अनेकदा केसांच्या रंगाच्या ॲलर्जीमुळे आलेला असतो. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस उतरतो. ती काळी होते ती बहुतेक वेळा पॅराफिनाइलिनडायअमाइन या रसायनामुळे, ज्याला आम्ही थोडक्यात पीपीडी म्हणतो, आणि पाकिटावर ‘हर्बल’ लिहिल्याने ते निघून जात नाही. पाठीवर पट्ट्या लावून ४८ तासांनी पाहण्याची पॅच चाचणी करून घ्या आणि तोवर काळी मेंदी बंद ठेवा. कारण दूर केले नाही तर कोणतेही मलम हा पट्टा हलवू शकत नाही, आणि दूर केल्यावरही तो ओसरायला वर्ष जाऊ शकते. मान आणि काखाही काळ्या, जाडसर, मखमलीसारख्या झाल्या असतील तर ती वेगळी गोष्ट असून, त्यासाठी वजन आणि रक्तातील साखर तपासावी लागेल.

प्रश्न : लेझरच्या सहा बैठकांत वांग कायमचे जाईल, असे एका केंद्राने सांगून पॅकेज दिले आहे. घ्यावे का?

उत्तर : घेऊ नका. लेझर हा वांगाचा पहिला उपचार नाही. काही हट्टी डागांत तो मलमांच्या जोडीने मदत करतो, पण आपल्या त्वचेवर त्याची उष्णता थोडी जरी जास्त झाली तरी डाग अधिक गडद होतात किंवा पांढरे ठिपके पडतात, आणि बैठका थांबल्यावर वांग पुन्हा उमटते. जो कुणी ‘कायमचे’ हा शब्द वापरून आगाऊ पैसे मागतो, त्याला ते वाक्य कागदावर लिहून सही करायला सांगा. त्याच केंद्रात बिननावाच्या डबीतले क्रीम हातावर ठेवले तर तेही परत करा. अशा डब्यांत पारा निघाल्याची आणि त्याने मूत्रपिंडांना इजा झाल्याची प्रकरणे महाराष्ट्रात आणि केरळात घडलेली आहेत. तसे क्रीम आधीच वापरून झाले असेल आणि पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज किंवा लघवीला फेस असेल, तर त्वचातज्ज्ञांआधी लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्या.