स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात निघालास? मग नेशनचं आधी ऐक

पहिल्या आठवड्यात सगळे विचारतील, "कुठलं नेशन?" देश नाही विचारत, विद्यार्थ्यांचा क्लब विचारतायत. उप्सालात असे 13 आहेत, बहुतेकांना स्वीडनच्या प्रांतांची नावं. पूर्वी त्या भागातल्या मुलांनी तिथेच जायचं. आता कोणीही कुठेही. 2010 पर्यंत सभासदत्व सक्तीचं होतं, आता ऐच्छिक आहे. तरी घे. स्वस्त जेवण, फिका (कॉफी आणि दालचिनी बन) आणि ओळखी तिथेच मिळतात.

नवा सभासद म्हणजे 'रेसेंतियोर'. 'कुराटोर' म्हणजे नेशन चालवणारा निवडून आलेला विद्यार्थीच, प्राध्यापक नव्हे. मी पहिल्या दिवशी त्याला 'सर' म्हटलं, अख्खं टेबल हसलं.

खरी गंमत गास्कची, म्हणजे तीन-चार तास चालणाऱ्या औपचारिक जेवणाची. जागा ठरलेली असते, हाती गाण्यांची पुस्तिका देतात आणि घास तोंडात असतानाच कोणीतरी गाणं सुरू करतं. 'स्कोल' (म्हणजे 'चिअर्स') म्हटलं की ग्लास उचल, शेजाऱ्यांच्या आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघ, मग घोट घे. ग्लास ठेवण्याआधी पुन्हा नजर. नजर चुकवणं उद्धटपणा. दारू नको असेल तर नाव नोंदवतानाच सांग, शाकाहाराचंही तेव्हाच. बाथरूमला मधेच उठायचं नाही, मध्यंतर होतं. शेवटच्या गाण्याला सगळे खुर्च्यांवर चढतात; उतरल्यावर परत बसायचं नसतं, हे विसरू नकोस.

पैशाची ओढाताण असेल तर नेशनच्याच स्वयंपाकघरात काम माग. भांडी घासता घासता स्वीडिश येतं, वर्गापेक्षा लवकर.