विक्री दीडपट झाली, तरी पगाराला पैसे का नाहीत?

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत माझे मशिनिंगचे छोटे वर्कशॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग विकत घेऊन आम्ही तयार पार्ट पुरवतो. गेल्या वर्षी एका मोठ्या कारखान्याची ऑर्डर मिळाली आणि महिन्याची विक्री १० लाखांवरून १५ लाखांवर गेली. ताळेबंदात नफा दिसतो, पण पगाराच्या तारखेला मला उसनवारी करावी लागते. फौंड्रीचे पैसे ३० दिवसांत द्यावे लागतात, आमच्या बिलाचे ९० दिवसांनी येतात. नव्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनचे मार्जिन, म्हणजे कर्जाबाहेरचा आमचा स्वतःचा हिस्सा, मी सीसी (कॅश क्रेडिट) खात्यातून भरले होते. नेमके काय चुकते आहे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : धंद्यात खोट नसतानाही तुमची ओढाताण होते आहे, हे आधी सांगायला हवे, कारण अशा वेळी अनेक उद्योजक स्वतःलाच दोष देत बसतात. नफा बिलाच्या तारखेला मोजला जातो, आणि पगार, वीजबिल व हप्ता बँकेतल्या शिलकीतून जातात. या दोन तारखांमधले अंतर कोणी तरी स्वतःच्या खिशातून भरावेच लागते, आणि आज ते तुम्ही भरता आहात.

नव्या ऑर्डरचा वेगळा हिशेब मांडून पाहा. वाढीव विक्री ५ लाख आहे; तिच्यासाठी कास्टिंग अडीच लाखांचे, म्हणजे १८ टक्के जीएसटीसह २.९५ लाखांचे, आणि मजुरी, वीज व टूल्स मिळून ८० हजार लागतात असे समजू. कागदावर महिन्याला १.७० लाख सुटतात. पण पहिल्या महिन्याच्या अखेरीस केलेल्या बिलाचे पैसे चौथ्या महिन्याच्या अखेरीस येणार. तोपर्यंत चार महिन्यांची मजुरी व वीज ३.२० लाख, फौंड्रीला तीन वेळा दिलेले ८.८५ लाख आणि खरेदीवरचा कर वजा जाऊन दरमहा ४५ हजारांप्रमाणे तीन वेळा भरलेला जीएसटी १.३५ लाख, असे एकूण १३.४० लाख रुपये बाहेर गेलेले असतात, आणि आत एक रुपयाही आलेला नसतो. जीएसटी बिल केल्यावर द्यावा लागतो, पार्टीने पैसे दिल्यावर नव्हे, हे बहुतेकांच्या हिशेबातून निसटते. ऑर्डर घेतानाच हे १३.४० लाख कोठून आणायचे, हा प्रश्न विचारला गेला असता तर आजची उसनवारी टळली असती.

त्यात मशीनची भर पडली. कर्जाच्या हप्त्यातले फक्त व्याज खर्चात धरले जाते. मुद्दल नफातोटा पत्रकात कुठेच दिसत नाही, पण खात्यातून दरमहा जाते. सीसी हे कच्चा माल आणि येणे यांच्यासाठी दिलेले खेळते भांडवल असते. त्यातून मार्जिन भरल्यामुळे काही वर्षांत फिटणारी रक्कम रोजच्या पैशात अडकली. शिवाय बहुतेक बँका ९० दिवसांपेक्षा जुनी येणी उचल मर्यादा, म्हणजे सीसीतून किती रक्कम काढता येईल ते, ठरवताना धरत नाहीत. तुमची बिले त्याच उंबरठ्यावर आहेत, त्यामुळे एका पेमेंटला दहा दिवस उशीर झाला तरी मर्यादा आक्रसते.

आता करायचे काय? एका वहीत पुढच्या १३ आठवड्यांचे रकाने आखा, पहिल्या रकान्यात आजची शिल्लक लिहा आणि प्रत्येक आठवड्याखाली येणारे व जाणारे पैसे मांडा. पार्टीने कबूल केलेली तारीख लिहू नका. मागची चार-पाच पेमेंट प्रत्यक्षात कधी आली, त्यावरून तारीख धरा. पगार, २० तारखेचा जीएसटी आणि हप्ता एकाच आठवड्यात कुठे येतात, हे दोन महिने आधी दिसले तर फौंड्रीशी बोलायला वेळ मिळतो. बिलेही महिनाअखेरपर्यंत साठवू नका. माल निघाला त्याच दिवशी बिल करा आणि माल स्वीकारल्याची नोंद झाली का, ते विचारा.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, लेखी करारात काहीही ठरले असले तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांचीच आहे. उशिरासाठी रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज मागता येते. मोठ्या ग्राहकाविरुद्ध तक्रार करायला मन धजत नाही, आणि ती भीती मला खरीच वाटते. म्हणून प्राप्तिकर कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीचा सौम्यपणे उल्लेख करा : सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळते. उद्यम क्रमांक बिलावर छापलेला असला की त्यांचा अकाउंट विभाग मार्चपूर्वी स्वतःच हालचाल करण्याची शक्यता वाढते.

कारखान्याची उलाढाल २५० कोटींहून अधिक असेल, तर त्याला ‘ट्रेड्स’ या छोट्या उद्योगांची बिले ऑनलाइन वटवण्याच्या व्यवस्थेत नोंदणी बंधनकारक आहे. तिथे त्याने मान्य केलेल्या बिलावर बँका थोडी कसर कापून तुम्हाला लगेच पैसे देतात, आणि पुढे ग्राहकाने ते थकवले तर वसुली तुमच्याकडून होत नाही. ही कसर तुमच्या सीसीच्या व्याजाशी ताडून पाहा.

या महिन्यातले पहिले काम मात्र बँकेतले आहे. मार्जिनपोटी अडकलेली रक्कम मुदत कर्जात वर्ग करण्याचा अर्ज द्या, आणि सोबत १३ आठवड्यांचा तक्ता जोडा.