झोन मोजण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि प्लेटचा फोटो मिळाला. निकेल कॉम्प्लेक्सचा झोन (जीवाणू न वाढलेलं वर्तुळ) १८ मिलिमीटर, बेंझाल्डिहाइड थायोसेमिकार्बाझोन या नुसत्या लिगँडचा (धातूला धरणाऱ्या रेणूचा) ११, आणि त्यावरून ‘कॉम्प्लेक्स जास्त परिणामकारक’ असं लिहून तू मोकळी झालीस. जरा थांब.

संश्लेषणाबद्दल माझी तक्रार नाही. आयआर (अवरक्त) आलेखात सी=एसचा, म्हणजे कार्बन-गंधक बंधाचा, पट्टा खाली सरकलाय, म्हणजे गंधक धातूला धरून बसलाय. फक्त गरम इथेनॉलने नीट धू, मोकळा लिगँड मागे राहायला नको.

पण फोटोत नुसत्या निकेल क्लोराइडची वेल (खळगा) कुठे आहे? नुसत्या डीएमएसओची, म्हणजे द्रावकाची? त्यांशिवाय परिणाम कॉम्प्लेक्सचाच हे कसं कळणार? डीएमएसओ स्वतःच धातूला चिकटतो, लिगँडला बाजूला सारू शकतो. द्रावण केल्याबरोबर आणि २४ तासांनी यूव्ही-व्हिजिबल (प्रकाशशोषणाचा) आलेख घे. दोन आलेख जुळले नाहीत, तर तू तपासलंस ते कॉम्प्लेक्स नव्हेच.

दुसरं, दोन्ही १०० मायक्रोग्रॅम घेतलेस. लिगँडचा रेणूभार १७९, तुझ्या कॉम्प्लेक्सचा ४१५. म्हणजे कॉम्प्लेक्सचे रेणू निम्म्याहूनही कमी पडले, पण प्रत्येकात लिगँड दोन. तुलना मायक्रोमोलमध्येच कर.

झोनवर फार भिस्त ठेवू नकोस. मोठा, पाण्याला न मानवणारा रेणू अगारमधून (प्लेटमधल्या जेलीतून) सरकतच नाही, मग तो कितीही जालीम असो. एमआयसी, म्हणजे जीवाणूंची वाढ रोखणारी किमान मात्रा, काढ, मिलिलिटरला ५ लाख पेशी ठेवून. माझ्या पहिल्या एमआयसीत भलतंच झालं होतं: जास्त मात्रेच्या वेल गढूळ, मधल्या स्वच्छ. दोन दिवस काही सुचेना. शेवटी गढूळ वेलमधला थेंब प्लेटवर पसरला, तर एकही वसाहत उगवली नाही. तो गढूळपणा जीवाणूंचा नव्हता, माझंच कॉम्प्लेक्स माध्यमात साक्यासारखं बाहेर पडलं होतं. तेव्हापासून एक ओळ मी जीवाणूंशिवाय ठेवतेच. रेझाझुरिन (जिवंत पेशींमुळे रंग बदलणारा सूचक) वापरणार असशील तर तिथेही ती हवी. थायॉल (गंधक-हायड्रोजन गट असलेलं संयुग) जीवाणूंशिवायही त्याचा रंग पालटू शकतो.

आणि ‘कीलेशनमुळे मेदस्नेहीपणा वाढतो, म्हणून पेशीपटलातून शिरकाव होतो’ (कीलेशन म्हणजे लिगँडने धातूला चिमट्यासारखं धरणं) हे वाक्य तूर्त काढून टाक. प्रत्येक प्रबंधात ते असतं, मोजलेलं मात्र क्वचित. लॉग पी (मेदस्नेहीपणाचं माप) मोजलास तर खुशाल लिही.

निकेल क्लोराइडची वेल लावलीस की फोटो पाठव. झोन किती मिलिमीटर आला ते मला आधी कळव, लिखाण मग बघू.

तुझी,
मॅडम